विश्लेषण : वापरलेल्या अणुइंधनाला होमी भाभांनी कचरा का मानले नाही?

अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनकांड्यांचे करायचे काय, हा प्रश्न अणुवीज वापरणाऱ्या प्रत्येक देशापुढे आहे. काही देश या कांड्यांना कचरा मानतात आणि त्या जमिनीखाली खोलवर कायमच्या पुरण्याची तयारी करतात. भारतात मात्र त्या पुढच्या टप्प्याचा कच्चा माल म्हणून जपल्या जातात. हे धोरण १९५०च्या दशकात ठरले आणि त्यामागे प्रामुख्याने डॉ. होमी जहांगीर भाभा होते. त्यातून ट्रॉम्बेला प्लुटोनियमचा कारखाना उभा राहिला आणि पुढे तारापूरच्या पाण्याच्या हौदांत कांड्यांची दाटीही झाली. या दोन्ही गोष्टींचा उगम भाभांच्या आयुष्यात आणि त्यांनी मांडलेल्या हिशेबात सापडतो.

भाभांची जडणघडण कशी झाली?

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन, सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. आत्या मेहरबाई या जमशेटजी टाटांचे पुत्र दोराबजी टाटा यांच्या पत्नी. त्यामुळे पोलाद, वीज आणि कारखाने यांविषयीच्या गप्पा होमींच्या कानांवर लहानपणापासून पडत होत्या. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या आणि चित्रकलेचा नाद लागावा असे वातावरण होते.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. होमींचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. अखेर तडजोड झाली. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवला, तर पुढे गणित शिकण्याचा खर्च वडील करतील, असे ठरले. १९३० मध्ये त्यांनी तो वर्ग मिळवला.

अणूच्या संशोधनासाठी केंब्रिजइतकी दुसरी जागा तेव्हा क्वचितच असेल. १९३२ मध्ये तिथेच जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. भाभांनी १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित त्यांनी मांडले, ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. याच काळात जॉन कॉक्रॉफ्ट आणि डब्ल्यू. बी. लुईस यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे कॉक्रॉफ्ट ब्रिटनच्या आणि लुईस कॅनडाच्या अणुकार्यक्रमाचे धुरीण झाले. या ओळखी भारताच्या चांगल्याच उपयोगी पडल्या.

ते भारतात कसे थांबले?

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी घरी आले आणि युरोपात महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाल्याने ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. सी. व्ही. रामन तेव्हा तिथे होते. तिथे भाभांनी विश्वकिरणांवर काम करणारा विभाग उभारला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर परदेशात मानाची जागा मिळणे त्यांना अवघड नव्हते. तरीही त्यांनी इथेच राहायचे ठरवले.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था काढण्यासाठी मदत मागितली. अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा दीड वर्ष अवकाश होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात आली आणि पुढे कुलाब्याला स्वतःच्या वास्तूत गेली.

स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, ऑगस्ट १९४८ मध्ये, अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ च्या जानेवारीत ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्था उभारण्याचे ठरले आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग सुरू झाला. त्याचे सचिवही भाभाच होते आणि विभाग थेट पंतप्रधान नेहरूंच्या अखत्यारीत होता. आयोगाचे अध्यक्षपद, विभागाचे सचिवपद आणि टीआयएफआरचे संचालकपद अशा तिन्ही जबाबदाऱ्या एकाच माणसाकडे आल्या. त्यामुळे निर्णय झटपट होत. पण त्या निर्णयांना सरकारच्या आतून आव्हान देणारे फारसे कुणी उरले नाही.

वापरलेल्या कांडीत नेमके काय उरते?

इंधनकांडी म्हणजे झिर्कोनियमच्या मिश्रधातूची बारीक नळी. तिच्यात युरेनियम ऑक्साइडच्या छोट्या गोळ्या एकावर एक भरलेल्या असतात. अशा अनेक कांड्यांची जुडी बांधून ती भट्टीत उतरवतात. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये सहज फुटणारे युरेनियम-२३५ हे जेमतेम ०.७ टक्के असते. बाकी जवळपास सगळे युरेनियम-२३८ असते आणि ते सहजासहजी फुटत नाही.

मात्र भट्टीत असताना युरेनियम-२३८ चे काही अणू न्यूट्रॉन गिळतात आणि त्यांचे प्लुटोनियम होते. हे प्लुटोनियम पुन्हा इंधन म्हणून वापरता येते. म्हणजे वापरलेल्या कांडीत तीन गोष्टी असतात. बहुतांश युरेनियम जसेच्या तसे उरलेले असते. थोडे नवे प्लुटोनियम तयार झालेले असते. शिवाय सिझियम, स्ट्रॉन्शियम यांसारखी तीव्र किरणोत्सारी विखंडनद्रव्ये असतात. समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांच्या कांड्यांत हे प्रमाण ढोबळमानाने ९५ टक्के युरेनियम, १ टक्का प्लुटोनियम आणि उरलेली विखंडनद्रव्ये असे असते.

एकदाच वापरून कांडी टाकून दिली, तर खाणीतून काढलेल्या युरेनियमपैकी एक टक्काही खऱ्या अर्थाने जळत नाही. लाकडाची फक्त साल जाळून ओंडका फेकून द्यावा, तसा हा व्यवहार होतो. ज्या देशाकडे युरेनियम मुबलक आहे, त्याला ते परवडेल. भारताकडे ते नव्हते.

तीन टप्प्यांची योजना काय होती?

भारतात युरेनियमचे साठे मर्यादित होते आणि त्यांचा कसही कमी होता. उलट केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूत थोरियमचे प्रचंड साठे होते. पण थोरियम स्वतः इंधन नाही. त्याला न्यूट्रॉनचा मारा मिळाला, तरच त्याचे युरेनियम-२३३ हे इंधन बनते. हा मारा पुरवण्यासाठी आधी दुसरे इंधन हवे. या अडचणीतून वाट काढणारी योजना भाभांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये दिल्लीतील परिषदेत मांडली.

पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांतून वीज मिळवायची आणि वापरलेल्या कांड्यांतून प्लुटोनियम वेगळे करायचे. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम द्रुतगती प्रजनक भट्ट्यांत वापरायचे. या भट्ट्या जितके इंधन जाळतात त्याहून अधिक तयार करू शकतात. त्यांतच थोरियमचे रूपांतर युरेनियम-२३३ मध्ये करून घ्यायचे. तिसऱ्या टप्प्यात थोरियम आणि युरेनियम-२३३ यांच्या जोरावर देशाची विजेची गरज दीर्घकाळ भागवायची.

या साखळीतली पहिली कडी म्हणजे वापरलेली इंधनकांडी. ती पुरून टाकली, तर दुसरा टप्पाच सुरू होत नाही. भाभांच्या दृष्टीने अणुभट्टीशेजारचा पाण्याचा हौद हा पुढच्या भट्टीचे धान्य ठेवण्याचे कोठार होता.

जिनिव्हातून काय हाती लागले?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय वापरावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद संयुक्त राष्ट्रांनी भरवली. तिचे अध्यक्ष भाभा होते. तोवर गुप्त असलेली बरीच माहिती या परिषदेत खुली झाली. वापरलेल्या कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवून, केरोसीनसारख्या द्रावकाच्या मदतीने प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळे काढण्याची पद्धतही त्यात होती. ट्रॉम्बेच्या अभियंत्यांना पुढच्या वाटचालीसाठी हा मोठा आधार ठरला.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना तयार होत होती. सदस्य देशांच्या भट्ट्यांत तयार होणाऱ्या जास्तीच्या प्लुटोनियमवर संस्थेचा ताबा असावा, अशा तरतुदींवर चर्चा चालू होती. भाभांनी त्याला कडाडून विरोध केला. प्लुटोनियम परक्या संस्थेच्या कुलपात गेले, तर भारताचा दुसरा टप्पा तिच्या मर्जीवर अवलंबून राहील, हे त्यांना दिसत होते. ही तरतूद अखेर सौम्य झाली. पण वापरलेल्या कांडीवर हक्क कुणाचा, हा वाद तिथे मिटला नाही. काही वर्षांनी तो तारापूरला पुन्हा उभा राहिला.

‘अप्सरा’, ‘सायरस’ आणि ‘फिनिक्स’ कशासाठी?

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ भट्टी सुरू झाली. सुमारे आठ मीटर खोल पाण्याच्या हौदात गाभा लटकवलेली ही भट्टी भारतीय अभियंत्यांनी बांधली होती. इंधन ब्रिटनने दिले होते. हौदाच्या तळाशी दिसणाऱ्या निळ्या प्रकाशावरून नेहरूंनी तिला हे नाव दिल्याचे सांगितले जाते. पाण्याचा पुरेसा थर वर असेल, तर त्याखालच्या तीव्र किरणोत्सारी वस्तूजवळ माणूस निर्धास्त उभा राहू शकतो. वापरलेल्या कांड्या पाण्यात ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे.

१९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची ‘सायरस’ भट्टी सुरू झाली. जड पाणी अमेरिकेने दिले. इंधन मात्र सगळे बाहेरून घ्यायचे नाही, यावर भाभा ठाम होते. नैसर्गिक युरेनियमच्या निम्म्या कांड्या ट्रॉम्बेलाच तयार झाल्या. हा आग्रह निव्वळ स्वाभिमानाचा नव्हता. आपल्या युरेनियमची कांडी आपण बनवली, तर वापरून झाल्यावरही ती आपलीच राहते.

त्या कांड्यांसाठीच ‘फिनिक्स’ या नावाने प्लुटोनियम प्रकल्प उभारण्यात आला. राखेतून पुन्हा झेपावणाऱ्या पक्ष्याचे नाव या कामाला साजेसे होते. रसायन अभियंता होमी सेठना यांच्याकडे त्याची धुरा होती. वर्षाला ३० टन इंधनावर प्रक्रिया करण्याची त्याची क्षमता होती. १९६४ मध्ये प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. देशात तेव्हा एकही अणुवीज केंद्र चालू नव्हते. अनेक देश आधी वीज केंद्र बांधतात आणि वापरलेल्या इंधनाचा विचार नंतर करतात. भाभांनी हा क्रम उलटा केला.

तारापूरच्या करारात कोणती गाठ होती?

पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून दूर होता. अणुवीज इथे परवडू शकते, हे लवकर सिद्ध करून दाखवण्याची भाभांना घाई होती. त्यासाठी त्यांनी आपल्याच योजनेला मुरड घातली. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून दोन भट्ट्या घ्यायचे ठरले. अमेरिकेने सवलतीचे कर्जही दिले. मात्र या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागत होते आणि ते अमेरिकेकडूनच येणार होते.

८ ऑगस्ट १९६३ रोजी दोन देशांत ३० वर्षांचा करार झाला. तारापूरसाठी लागणारे इंधन अमेरिका पुरवेल आणि ते तारापूरलाच वापरले जाईल, असे त्यात होते. वापरलेल्या कांड्यांवर भारतात प्रक्रिया करता येईल, पण त्याआधी देखरेखीची व्यवस्था पुरेशी असल्याचा निर्वाळा दोन्ही देशांनी मिळून द्यावा लागेल, अशी अटही त्यात होती. करारावर सह्या झाल्या तेव्हा हे कलम औपचारिक वाटावे असे होते. पुढे सगळे घोडे तिथेच अडले.

राजस्थानातील रावतभाटा येथे कॅनडाच्या सहकार्याने नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या बांधण्याचा करारही १९६३ मध्येच झाला. भाभांच्या पहिल्या टप्प्याचे खरे प्रतिनिधित्व या भट्ट्या करत होत्या. पुढे देशात उभ्या राहिलेल्या बहुतेक अणुभट्ट्या याच जातीच्या आहेत.

प्लुटोनियम आणि बॉम्ब यांचे काय?

वापरलेल्या कांडीतून निघणारे प्लुटोनियम प्रजनक भट्टीत चालते, तसेच बॉम्बमध्येही चालते. भाभांना याची पूर्ण जाणीव होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने पहिली अणुचाचणी केली. त्यानंतर काही दिवसांतच आकाशवाणीवरील भाषणात भाभांनी अणुस्फोटांचा खर्च तुलनेने किती कमी येतो, याचे आकडे मांडले. नि:शस्त्रीकरणाची गरजही त्यांनी त्याच भाषणात सांगितली. पण देशातल्या चर्चेत गाजले ते आकडे. त्या आकड्यांत भट्टी, प्रक्रिया प्रकल्प आणि संशोधन यांचा खर्च धरलेला नव्हता, ही टीका तेव्हाही झाली आणि नंतरही होत राहिली.

मे १९७४ मध्ये पोखरण येथे झालेल्या पहिल्या चाचणीसाठी ‘सायरस’मधून निघालेले आणि ‘फिनिक्स’मध्ये वेगळे केलेले प्लुटोनियम वापरले गेले. ते पाहायला भाभा हयात नव्हते.

भाभांचा मृत्यू कसा झाला?

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्समधील मॉन्ट ब्लांक शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघालेले भाभा त्यांत होते. डोंगराच्या संदर्भात विमान नेमके कुठे आहे, याचा अंदाज चुकल्याने अपघात झाला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. घातपाताच्या कथा अधूनमधून डोके वर काढतात. त्यांना दुजोरा देणारा पुरावा समोर आलेला नाही.

भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. त्यांनी लग्न केले नव्हते. चित्रे, पाश्चात्त्य संगीत आणि झाडे यांत त्यांचा जीव रमत असे. ट्रॉम्बे आणि कुलाब्याच्या आवारांतील झाडांची व बागांची आखणी त्यांनी जातीने करून घेतली होती. तारापूरचे बांधकाम तेव्हा चालू होते. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. १९६९ मध्ये तारापूरच्या भट्ट्या वीज देऊ लागल्या.

तारापूरच्या हौदांत दाटी का झाली?

पोखरणच्या चाचणीनंतर चित्र पालटले. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्र प्रसारविरोधी कायदा केला आणि तारापूरच्या इंधनपुरवठ्यावरून वाद पेटला. १९८२ मध्ये तडजोड होऊन फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली. नंतर चीन आणि रशियाकडूनही इंधन आले. वापरलेल्या कांड्यांचा तिढा मात्र सुटला नाही. प्रक्रियेसाठी लागणारा संयुक्त निर्वाळा अमेरिकेने दिला नाही. तारापूरलाच पुनर्प्रक्रिया प्रकल्प बांधून तयार होता. त्यात राजस्थानच्या कांड्यांवर काम झाले, पण शेजारच्या भट्ट्यांच्या कांड्या हौदातच राहिल्या. १९९३ मध्ये कराराची मुदत संपली, तोवर कांड्यांचा ढीग वाढत गेला होता.

भट्टीशेजारचा हौद हा कांड्या काही काळ निववण्यापुरता बांधलेला असतो. थोड्या वर्षांनी त्या प्रक्रियेसाठी पुढे जातील, हे गृहीत धरलेले असते. पुढची वाट बंद झाली की हौद भरतो. नवा माल ठेवायला जागा उरली नाही, तर भट्टी बंद करावी लागते. तारापूरला यावर तीन उपाय झाले. हौदातील जुन्या मांडण्या काढून कांड्या जवळजवळ बसतील अशा नव्या मांडण्या बसवल्या. पुरेशा निवलेल्या काही जुड्या पाण्याबाहेर, जाड आवरणाच्या कोरड्या पिंपांत हलवल्या. शिवाय भट्टीपासून अलग असा स्वतंत्र साठवण हौद बांधला.

कांड्या दाटीने ठेवण्यात धोका काय?

पहिला प्रश्न उष्णतेचा असतो. भट्टी बंद केली तरी कांडी लगेच थंड होत नाही. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के इतकी उष्णता विखंडनद्रव्यांमधून येत असते. दिवसभराने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि पुढे सावकाश उतरत जाते. म्हणून पहिली काही वर्षे पाणी आणि ते सतत थंड ठेवणारी यंत्रणा लागते.

दुसरा प्रश्न साखळी अभिक्रियेचा. समृद्ध युरेनियमच्या जुड्या पाण्यात फार जवळ आल्या, तर ती हौदातच पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते, कारण पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करून विखंडनाला हातभार लावते. जुन्या मांडण्यांत दोन जुड्यांमध्ये मोकळी जागा सोडून हे टाळले जाई. दाट मांडणीत त्या जागेऐवजी बोरॉनयुक्त पत्रे बसवतात. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो. त्यामुळे त्याच हौदात कितीतरी जास्त जुड्या मावतात. अर्थात हौदाच्या तळावर येणारे वजन, भूकंपाचे धक्के आणि थंडाव्याची क्षमता यांचे गणित नव्याने मांडावे लागते.

नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्यांना ही अडचण येत नाही. त्यांच्या जेमतेम अर्धा मीटर लांबीच्या जुड्या साध्या पाण्यात एकमेकींना खेटून रचल्या, तरी साखळी अभिक्रिया सुरू होऊ शकत नाही. मात्र त्यांतून तितकीच वीज मिळवायला इंधन जास्त लागते, त्यामुळे जुड्यांची संख्याही मोठी होते.

तिसरा प्रश्न अपघाताचा. हौदातले पाणी एकाएकी निघून गेले, तर दाट मांडणीत हवा खेळायला जागा नसते आणि ताज्या कांड्यांच्या झिर्कोनियमच्या नळ्या पेट घेऊ शकतात. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात चौथ्या भट्टीच्या हौदाबाबत हीच भीती होती. तिथे १,५३५ जुड्या होत्या. हौद कोरडा पडला नव्हता, हे नंतर स्पष्ट झाले. त्याच आवारात कोरड्या पिंपांत ४०८ जुड्या होत्या. त्सुनामीचे पाणी शिरूनही त्या सुरक्षित राहिल्या. निवलेल्या कांड्या हौदातून लवकर पिंपांत हलवाव्यात, असे मानणाऱ्यांचा आग्रह तेव्हापासून वाढला आहे.

मग भाभांचा हिशेब चुकला का?

वेळापत्रकाचा हिशेब नक्कीच चुकला. १९८७ पर्यंत देशात २० ते २५ हजार मेगावॉट अणुवीज क्षमता असेल, असा अंदाज भाभांनी १९६२ मध्ये वर्तवला होता. आजही ही क्षमता ९ हजार मेगावॉटच्या आसपास आहे. कल्पाक्कमची छोटी प्रायोगिक प्रजनक भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली, पण ५०० मेगावॉटच्या मोठ्या प्रजनक भट्टीचे काम वर्षानुवर्षे लांबत गेले. दुसरा टप्पाच रखडल्याने थोरियमवरचा तिसरा टप्पा अजून दूर आहे.

युरेनियमच्या टंचाईचे गृहीतकही जसेच्या तसे टिकले नाही. जगात नवे साठे सापडले आणि २००८ नंतर भारताला बाहेरून इंधन मिळू लागले. पुनर्प्रक्रिया महाग आहे आणि तिच्यातून वेगळे झालेले प्लुटोनियम सांभाळण्याची जोखीम आहे, असा टीकाकारांचा मुद्दा आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये व्यापारी पुनर्प्रक्रियेपासून माघार घेतली, तेव्हा हीच प्रसाराची भीती पुढे केली होती. मग तिथेही हौद भरू लागले आणि दाट मांडण्यांचा अवलंब करावा लागला.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. प्रक्रियेनंतर जो खरा कचरा उरतो, त्याचे आकारमान मूळ कांड्यांच्या मानाने लहान असते. तो काचेत मुरवून बंदिस्त करण्याचे काम ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कमला चालते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षे आहे, तर सिझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे. प्लुटोनियम बाजूला काढून इंधन म्हणून जाळले, तर पुढच्या पिढ्यांवर पडणारा भार हलका होऊ शकतो. शिवाय कांड्यांवर प्रक्रिया करण्याचे तंत्र ज्या मोजक्या देशांनी स्वबळावर कमावले, त्यांत भारत आहे, ते १९५०च्या दशकातील त्या निर्णयामुळेच.

भाभांनी कांडीकडे ठेव म्हणून पाहिले. ठेव मोडायची तर दुसऱ्या टप्प्याच्या भट्ट्या मोठ्या संख्येने चालू व्हाव्या लागतील. तोपर्यंत हौद, दाट मांडण्या आणि कोरडी पिंपे यांच्या भरवशावर ही ठेव सांभाळावी लागते. त्यासाठी पाणी, वीज, पहारा आणि देखभाल यांत एक दिवसाचाही खंड पडून चालत नाही. भट्ट्यांची संख्या वाढवण्याचे नवे बेत आखताना प्रत्येक भट्टीमागे किती कांड्या साठतील, त्यांवर प्रक्रिया कधी होईल आणि तोवर त्या कुठे राहतील, याची उत्तरे त्याच आराखड्यात असायला हवीत.